घरभर वायफाय हवं, तर आधी वायर

फायबरचं कनेक्शन जोडायला येणारा माणूस राउटर कुठे लावतो? वायर घरात जिथून शिरते तिथून हात पोचेल तिथे. म्हणजे बहुतेक घरांत मुख्य दरवाजाच्या वर, चपलांच्या कपाटाशेजारी, नाहीतर टीव्हीच्या मागे. त्याला त्याच दिवशी आणखी घरं उरकायची असतात आणि आपल्यालाही नेट सुरू झाल्याशी मतलब असतो. त्या घाईत ठरलेली जागा मग वर्षानुवर्षं तशीच राहते. आतल्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल अडकायला लागला की आपण आधी प्लॅन वाढवतो, मग सहा अँटेनांचा राउटर आणतो, मग सॉकेटला खोचायचा रिपीटर मागवतो. पैसे तीनदा जातात आणि बेडरूममध्ये ते चक्र गोल गोल फिरतच राहतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. वायफाय सुधारायचं असेल तर नवी खरेदी सगळ्यात शेवटी करावी. आधी डब्याची, म्हणजे राउटरची, जागा बदलून बघा. ते जमत नसेल तर वायर ओढा. आणि डबा घ्यायचाच असेल, तर तो त्या वायरीच्या टोकाला लावायला घ्या. असं का, ते कळायला सिग्नल घरात नेमका कुठे संपतो हे पाहावं लागेल.

नेट स्लो आहे की वायफाय?

इंटरनेट फायबरवरून तुमच्या डब्यापर्यंत येतं, ती कंपनीची जबाबदारी. डब्यापासून तुमच्या फोनपर्यंत हवेतून जे जातं ते वायफाय. तक्रार करताना आपण दोन्हीला एकच नाव देतो, म्हणून आधी हे वेगळं करायचं. डब्यापासून पाच-सहा फुटांवर उभं राहून स्पीड टेस्ट करा आणि लगेच अडचणीच्या खोलीत जाऊन पुन्हा करा. डब्यासमोरही वेग पडलेला असेल तर कंपनीला फोन करा, हा लेख तुमच्या कामाचा नाही. समोर चांगला आणि आत वाईट असेल तर दोष घरातल्या हवेतल्या प्रवासाचा आहे. लॅपटॉप लॅन केबलने, म्हणजे नेटच्या वायरने, थेट डब्याला जोडून टेस्ट केली तर आणखी उत्तम, कारण मग वायफाय मधून पूर्ण बाजूला होतं.

यात दोन गोष्टी लोकांना चकवतात. काही स्वस्त डब्यांचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. प्लॅन ३००चा असला तरी केबलवर ९४-९५च्या वर आकडा जात नाही. आणि फोन २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर (वायफायच्या दोन पट्ट्यांतला हा हळू, पुढे सांगतोच) जोडलेला असेल तर डब्याला चिकटून बसलात तरी ४०-५० एमबीपीएसवर अडकू शकता. त्यात कुणी वेग चोरत नाही, त्या पट्ट्यावर साध्या फोनची झेपच तेवढी असते.

फोनवरच्या कांड्यांवर फार विसंबू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन बनवणारा आपापलं ठरवतो. त्याऐवजी अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. ते डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात, आकडा दाखवतं आणि तो उणे असतो. उणे ४५ म्हणजे झकास, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधास्त, उणे ७५ ला अडखळायला सुरुवात होते आणि उणे ८५ ला नाव दिसतं पण काम होत नाही. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की हाच आकडा मिळतो. दारं बंद करून, म्हणजे रात्री घर जसं असतं तसं ठेवून, प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिहून घ्या. पुढचे सगळे निर्णय त्या कागदावरून घ्यायचे.

भिंत किती खाते

डेसिबलचा हिशेब थोडा विचित्र आहे, पण एकदा कळला की सुटतो. ३ डेसिबल गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली. १० गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला, २० गेले तर शंभरावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे दोन मीटरवरून चार मीटरवर गेलात तर ६, चारवरून आठवर गेलात तर आणखी ६. एका फ्लॅटच्या आत नुसत्या अंतराने सिग्नल मरत नाही. त्याला मारतात भिंती.

लाकडी दार दोन-तीन डेसिबल घेतं. साध्या अर्ध्या विटेची पातळ भिंत साधारण पाचेक घेते आणि ५ गिगाहर्ट्झवर त्याहून जास्त. सळया घातलेल्या काँक्रीटची भिंत मात्र सहज १५-२० खाते. हॉलमध्ये उणे ४५ असेल, तर अशा दोन भिंतींपलीकडे आकडा उणे ७५-८० पर्यंत घसरला तर नवल नाही.

पुणे, ठाणे, नवी मुंबईत गेल्या काही वर्षांत झालेल्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत. यातल्या अनेक इमारती 'मायवन' पद्धतीच्या आहेत. अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करून स्लॅब आणि भिंती एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. वीटकाम जवळजवळ नसतंच, खोल्यांमधली आतली भिंतसुद्धा सळयांची आणि काँक्रीटची असते. बिल्डर हे मजबुतीचं लक्षण म्हणून सांगतो आणि ते खरंही आहे. पण याच कारणाने तिथल्या दोन बेडरूमच्या आटोपशीर फ्लॅटमध्ये वायफायची जी दैना होते, ती जुन्या वीटकामाच्या मोठ्या फ्लॅटमध्येही होत नाही. अशा घरात साधा खिळा ठोकायला गेलात तरी भिंतीची जात कळते.

कोकण-गोव्यातल्या चिऱ्याच्या घरांची तऱ्हा वेगळी. जांभ्याची भिंत जाड, पावसाळ्यात ओल धरणारी, आणि पाणी हे वायफायचं वैरी. जुन्या वाड्यातली दीड-दोन फुटी मातीची भिंतही तशीच. वर पत्रा असेल तर पत्र्यातून सिग्नल आरपार जातच नाही, आदळून परत येतो.

भिंतीखेरीज घरातल्या काही वस्तूही आड येतात. फ्रिज, गोदरेजचं लोखंडी कपाट, मोठा आरसा (काचेमागचा धातूचा थर हा इथला गुन्हेगार), माशांची टाकी, माळ्यावरची पाण्याची टाकी, भिंतीवरचा मोठा टीव्ही. राउटर टीव्हीच्या मागे लपवणं दिसायला छान, पण आपण डब्यासमोर धातूचा पडदाच धरतो. संडास-बाथरूम घराच्या मधोमध असेल तर तेही लक्षात घ्या. तिथल्या भिंतींत नळ असतात आणि चारी बाजूंना टाइल्सखाली जाड प्लास्टर असतं. आणि सिग्नल भिंतीला तिरका छेदून जात असेल तर त्याला भिंत जास्त जाड पडते. दरवाजाच्या कोपऱ्यातल्या डब्यापासून विरुद्ध कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत सरळ रेघ ओढून पाहा, वाटेत काय काय येतं ते मोजा. बहुतेकदा उत्तर तिथेच मिळतं.

दोन पट्टे आणि फोनची बाजू

घरच्या वायफायचे मुख्य दोन पट्टे. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून तुलनेने बरा जातो, पण अरुंद आहे आणि गर्दीचा आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हात टेकतो. भारतात २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, त्याची सगळी रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा केला. रुंदीतला फरक सातपटीहून जास्त आहे. म्हणून जिथे पोचतो तिथे ५ वापरायचा आणि त्याला पोचवण्याची व्यवस्था करायची, हे धोरण बरं. स्मार्ट बल्ब, गीझरचे स्विच, साधे कॅमेरे यांतले बरेच फक्त २.४ ओळखतात, त्यांना तिथेच राहू द्या.

आता मोठ्या अँटेनांचा मुद्दा. वायफाय एकतर्फी नाही. राउटरने पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच फोनने परत पाठवायची असते, आणि फोनची पाठवण्याची ताकद राउटरपेक्षा सहसा कमी असते, कारण त्याला बॅटरी जपायची असते. राउटर जास्त ताकदीचा आणला तर फोनवर कांड्या वाढतात, पण फोनचं उत्तर राउटरपर्यंत पोचायची वाट तितकी सुधारत नाही. 'रेंज फुल आहे पण काही उघडत नाही' यामागचं हे एक नेहमीचं कारण. अँटेना जास्त असल्या की एकाच वेळी जास्त प्रवाह पाठवता येतात, म्हणजे वेग वाढू शकतो. काँक्रीट त्याने पातळ होत नाही.

अँटेना कशा वळवायच्या हाही प्रश्न नेहमी येतो. काठीसारख्या अँटेनेचा सिग्नल मेदूवड्याच्या आकारात पसरतो, काठी वड्याच्या भोकातून गेलेली. म्हणजे टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी आणि आजूबाजूला सगळ्यात जास्त. एकाच मजल्यावर वापर असेल तर काठ्या उभ्या ठेवा. दुमजली घरात एखादी आडवी करून बघायला हरकत नाही. 'सगळ्या अँटेना बेडरूमकडे रोखून' ठेवणं मात्र उलटं पडतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. प्रत्येक पट्ट्याचे छोटे कप्पे असतात, त्यांना चॅनेल म्हणतात, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. सिग्नल कमजोर झाला की फोन आणि राउटर वेग उतरवून सावकाश बोलतात, म्हणजे तेवढाच मजकूर पाठवायला जास्त वेळ हवा अडवतात. त्यामुळे मागच्या खोलीत उणे ८० वर व्हिडिओ बघणारा एक फोन हॉलमधल्या उत्तम सिग्नलवाल्यांनाही मंद करतो. आजीच्या खोलीतली रेंज सुधारणं हे आजीपुरतं काम नसतं.

जागा बदलणं

मधली, उंच, उघडी जागा हवी. कपाटाच्या आत नाही, जमिनीवर नाही, फ्रिजवर तर नाहीच. पाच-सहा फुटांवरची फळी चालते. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणून स्वयंपाकघराचा ओटा टाळा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि तिची केबलही २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते, ती राउटरला लगटून ठेवू नये.

डबा हलवायचे दोन मार्ग. कंपनीच्या माणसाला बोलावून फायबरच मधल्या खोलीपर्यंत वाढवून घ्या. फायबर कोपऱ्यावर काटकोनात दुमडू नका, मोठं वळण द्या, आणि पलंगाच्या पायाखाली येऊ देऊ नका. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. फायबरचा डबा दाराशीच राहू द्या, त्यातून एक लॅन केबल काढा आणि मधल्या खोलीत वेगळा राउटर लावा. मग कंपनीच्या डब्यातलं वायफाय बंद केलं तरी चालतं.

शेजाऱ्यांची गर्दी

सोसायटीत अ‍ॅप उघडलं की वीस-पंचवीस नावं दिसतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजारी ६ वर असेल तर तुम्ही ४ वर जाणं हुशारीचं वाटतं, पण त्यात दोघांचंही नुकसान. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून थांबतात. अर्धवट चढलेले मात्र एकमेकांना नुसता आवाज समजतात. तिघांतला कमी गर्दीचा निवडा आणि सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. ४० करून वेग दुप्पट होईल ही आशा मोकळ्या माळरानावरच्या घरात फळते, चाळीत किंवा टॉवरमध्ये नाही.

५ वर जागा भरपूर आहे आणि काँक्रीटच्या भिंती इथे उलट मदतीला येतात, शेजाऱ्याचा सिग्नल त्या अडवतात. फक्त ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडार आहे असं राउटरला वाटलं की त्याला तो चॅनेल सोडावा लागतो आणि वायफाय थोडा वेळ तुटतं. विमानतळाजवळ राहत असाल आणि असं अधूनमधून होत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ वर ठेवून बघा.

रिपीटर, मेश आणि कॅट-६

सॉकेटला खोचायचा रिपीटर राउटरचं ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. बहुतेक स्वस्त रिपीटर ही दोन्ही कामं एकाच रेडिओवर करतात, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे लोक तो जिथे रेंज नाही तिथेच खोचतात. त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तर तो पुढे काय सांगणार? तो मधल्या वाटेवर, उणे ६० च्या आसपास सिग्नल असलेल्या जागी लावायचा. भाड्याच्या घरात, फक्त मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपपुरती गरज असेल तर ठीक आहे.

मेश म्हणजे एकाच नावाचे, एकमेकांशी बोलून चालणारे दोन-तीन डबे. जाहिरातीत हे जादूसारखं दिसतं, पण डबे एकमेकांशी हवेतून बोलत असतील तर त्यांनाही त्याच भिंती ओलांडायच्या असतात. तीन पट्ट्यांच्या महाग मेशमध्ये आपसातल्या बोलण्यासाठी एक वेगळा रेडिओ ठेवलेला असतो, तो उपयोगी पडतो. तरी मायवनच्या दोन भिंतींपलीकडे त्याचाही दम निघतो. हेच डबे लॅन केबलने जोडले की चित्र पालटतं. भिंत वायरने ओलांडलेली असते आणि प्रत्येक खोलीला आपला ताजा सिग्नल मिळतो.

म्हणून सगळं येऊन वायरीवर थांबतं. कॅट-६ केबल (कॅट-५ई सुद्धा) १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते. घेताना 'पूर्ण तांबं' विचारून घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. ती स्वस्त असते, वळवताना लवकर तुटते आणि सिग्नल जास्त खाते. केबलमध्ये आठ तारा असतात. टोकाला क्लिप मारताना एखादी नीट बसली नाही तर जोडणी गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरते. जोडून झाल्यावर राउटरच्या सेटिंगच्या पानावर पोर्टचा वेग १००० दिसतो ना, हे त्या माणसासमोरच बघा.

'पण आता भिंती कोण फोडणार?' फोडायच्या नाहीतच. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक फ्लॅटमध्ये हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये लँडलाइनचा किंवा केबल टीव्हीचा पॉइंट असतो. त्याचा पाइप भिंतीतून गेलेला असतो आणि आतली तार निकामी पडलेली असते. तिच्या टोकाला नवी केबल घट्ट बांधायची, चिकटपट्टी गुंडाळायची आणि दुसरीकडून हळूहळू ओढायची. कुठे अडकली नाही तर बिनखर्चाचं काम होतं. विजेच्या तारांच्या पाइपमधून मात्र लॅन केबल घालू नका, ते धोक्याचं आहे. पाइप नसेल तर दाराच्या चौकटीलगत पांढरी केसिंग पट्टी मारा, किंवा एसीच्या नळीसाठी पाडलेल्या भोकातून बाहेरून न्या. भाड्याच्या घरात दाराखालून जाणारी चपटी केबल मिळते.

केबलच्या टोकाला नवा डबा घ्यायलाच हवा असंही नाही. माळ्यावर पडलेला जुना दोन-पट्टी राउटर चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता बदला, मुख्य राउटरचा आणि त्याचा पत्ता एक असता कामा नये. मग त्यातलं डीएचसीपी बंद करा, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम एकटा मुख्य राउटर करेल. केबल त्याच्या वॅनमध्ये (बाहेरून नेट आत घेण्याच्या पोर्टमध्ये) न घालता लॅनच्या एखाद्या पोर्टमध्ये घाला. नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच द्या, चॅनेल मात्र वेगळा.

मग एक नवी कटकट दिसू शकते. बेडरूममध्ये आलात तरी फोन हॉलमधल्याच डब्याला चिकटून राहतो. कोणत्या डब्याला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो आणि जुनी जोडणी तुटायला आल्याशिवाय तो सोडत नाही. उपाय उलटा वाटेल, पण दोन्ही डब्यांची ताकद कमी करा, सेटिंगमध्ये 'हाय'वरून 'मीडियम'. हॉलचा सिग्नल बेडरूममध्ये पुरेसा कमजोर झाला की फोन आपणहून नव्याकडे वळतो.

गावाकडे घर आणि गोठा, किंवा घर आणि बागेतली खोली जोडायची असेल तर दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नका. जवळपास वीज पडली की तारेतून आलेल्या झटक्याने दोन्हीकडचे डबे जळू शकतात. तिथे फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल जोडणारे छोटे डबे, लावावेत. फायबरमधून वीज वाहत नाही, फक्त आतून लोखंडी तार घातलेलं फायबर घेऊ नका. मध्ये झाडं नसतील तर समोरासमोर लावायची बाहेरची अँटेना जोडीही चालते. नारळी-पोफळीच्या बागेतून ती लावू नका, ओल्या झावळ्या सिग्नल पिऊन टाकतात.

रेंज सगळीकडे पोचली तरी वीज गेली की राउटर बंद, आणि परत आली की दोन-तीन मिनिटं वाट बघा. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी वहीएवढा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हीला पुरणारा हवा, नाहीतर वायफाय दिसत राहील आणि नेट नसेल.

घराचं नूतनीकरण चालू असेल किंवा नवं घर बांधत असाल, तर वायरमनला आजच सांगा. प्रत्येक खोलीत छताजवळ एक रिकामी डबी, तिथपासून एकाच मध्यवर्ती जागेपर्यंत विजेपासून वेगळा पाऊण किंवा एक इंची पाइप, आणि पाइपमध्ये ओढायची दोरी घालून ठेवलेली. छताच्या डबीशेजारी एक विजेचा पॉइंटही. मध्यवर्ती जागा म्हणून लोखंडी डीबी बॉक्स (विजेच्या मुख्य स्विचांची पेटी) देऊ नका. आणि फायबरची वायर बाहेरून आत कुठून येणार ते भोक आत्ताच ठरवून पाइप टाकून ठेवा, म्हणजे तो माणूस आला की दाराच्या चौकटीवर ड्रिल लावणार नाही.